नाव काय ठेवणार होतात?

पत्र : ताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. दोन वर्षांपूर्वी आम्हाला सातव्या महिन्यात मुलगी झाली आणि नऊ दिवसांत गेली, बारसंही झालं नव्हतं. तेव्हापासून बायको मोबाईलवर भुताच्या गोष्टी लिहिते, सगळ्या कंबर तलावाजवळच्या एका पडक्या वाड्यातल्या, नुसता अंधार आणि रडारड. मी तिला काही कमी पडू दिलं नाही, लॅपटॉप घेऊन दिला, महाबळेश्वरला नेऊन आणलं, घरात तो विषयसुद्धा कुणाला काढू देत नाही. आई म्हणते असं अभद्र लिहिलेलं घराला लागतं. तिने जरा आनंदी लिहावं म्हणून काय करू?

उत्तर : दादा, लॅपटॉप कळला, महाबळेश्वर कळलं, नवरा म्हणून तुम्ही चांगले आहात तेही कळलं, आता पुढे. मी अडकले ते "बारसंही झालं नव्हतं" इथे, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. म्हणजे पोरीला नाव नाही, वर घरात विषय काढायचा नाही, मग त्या बाईने आपल्या लेकीबद्दल बोलायचं तरी काय म्हणून?

फ्रँकेन्स्टाइन या कादंबरीचं नाव ऐकलंच असेल. लोकांना ते राक्षसाचं नाव वाटतं, पण ते त्याला बनवणाऱ्याचं, राक्षसाला शेवटपर्यंत नावच नाही. लिहिणारी मेरी शेली. हिची स्वतःची आई हिच्या जन्मानंतर दहा-अकरा दिवसांतच गेलेली. १८१५ मध्ये, सतरा वर्षांची असताना, मेरीला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली, दोन आठवडेही जगली नाही आणि तिचं नाव कुठे नोंदलेलं नाही. नंतर थोड्याच दिवसांत मेरीने डायरीत स्वप्न लिहिलं की बाळ नुसतं गार पडलं होतं, शेकोटीपाशी चोळलं आणि ते जगलं. पुढच्या वर्षी जिनिव्हाच्या तळ्याकाठी तिने ही मेलेल्यातून उठणाऱ्या जिवाची गोष्ट लिहायला घेतली.

आता लगेच दुःख इकडून घातलं आणि कथा तिकडून निघाली असं समजू नका हं. एडगर ॲलन पो म्हणून भयकथा लिहिणारा अमेरिकन लेखक होता, त्याची बायको क्षयाने गेली म्हणून तो मेलेल्या बायकांवर लिहायचा असं लोक बिनधास्त सांगतात, पण तिच्या तोंडातून पहिल्यांदा रक्त आलं १८४२ मध्ये, आणि तसल्या त्याच्या गाजलेल्या कथा १८३५ ते १८३९ मधल्या. आई मात्र तो तीन वर्षांचाही नसताना गेली होती. कुठलं कधी वर येईल त्याचा हिशोब लागत नाही, त्यामुळे तुमची बायको फक्त बाळामुळे लिहिते असंही मी म्हणणार नाही, कदाचित तिला ते जमतं म्हणूनही लिहीत असेल. कंबर तलावाकाठी असा वाडा मला तरी आठवत नाही, पण आता तिकडून जाताना मी बघणार.

मेरीच्या पुस्तकात मला खरी भीती कशाची वाटते सांगू? तो जीव डोळे उघडतो आणि त्याला बनवणारा खोलीतून पळून जातो. पुढचा सगळा सत्यानाश तिथून सुरू. तुम्ही वाईट माणूस नाही, पण विषय बंद करून तुम्हीपण खोलीतून बाहेरच गेलायत की ओ, आणि वरून तिलाच म्हणताय जरा हसून लिही.

आईंना सांगा, अभद्र आधी घडलं, लिहिणं नंतर सुरू झालं.

आणि आज रात्री जेवणं झाली की तिला विचारा, बारसं झालं असतं तर काय नाव ठेवणार होतीस. तुमच्या मनात एखादं असेल तर आधी तुमचं सांगा, असणारच, बाप आहात तुम्ही तिचे. ती चिडेल, दोन वर्षांनी आठवलं का म्हणेल, ऐकून घ्यायचं, मोबाईल उचलायचा नाही, उठून बाल्कनीत जायचं नाही. उद्यावर ढकलू नका.

त्या गोष्टी तुम्ही स्वतः वाचल्यात का, हे पत्रात कुठे नाही. लिंक मलाही पाठवा, मला भुतं आवडतात.