ग्रॅहम लँड की पामर लँड?

प्रश्न : अंटार्क्टिकाची जी शेपटी दक्षिण अमेरिकेकडे गेली आहे, तिला आमच्याकडच्या एका जुन्या नकाशात ‘ग्रॅहम लँड’ म्हटलंय, तर दुसऱ्यात ‘पामर लँड’. तिसऱ्यात तर तिथे बेटंच दाखवलीत! मुलीने शाळेच्या प्रकल्पात काय लिहावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : संपूर्ण शेपटीला ‘अंटार्क्टिक द्वीपकल्प’ लिहावं. तिन्ही नकाशे आपापल्या काळाला धरून आहेत.

ब्रिटिश दर्यावर्दी जॉन बिस्को १८३२मध्ये इथे पोचला आणि त्याने आपल्या नौदलाचे प्रमुख मंत्री सर जेम्स ग्रॅहम यांचं नाव या भूमीला दिलं. अमेरिकेने मात्र १८२०च्या नोव्हेंबरात इथे आलेल्या नॅथॅनियल पामर या सीलच्या शिकाऱ्याचं नाव लावून धरलं. अखेर १९६४मध्ये दोन्ही देशांच्या नामकरण समित्यांनी वाटणी केली : साधारण ६९ अंश दक्षिणेला, केप जेरेमी ते केप अगासीझ या रेषेच्या उत्तरेला ग्रॅहम लँड, दक्षिणेला पामर लँड. चिली आणि अर्जेंटिना या वाटणीत नव्हते. चिलीच्या नकाशात ‘ओहिगिन्सची भूमी’, अर्जेंटिनाच्या नकाशात ‘सान मार्तीनची भूमी’ सापडेल. दोघेही आपापले स्वातंत्र्यवीर!

बेटांची चूक विमानातून झाली. १९२८मध्ये ह्यूबर्ट विल्किन्सने वरून पाहिलं, तेव्हा डोंगरांमधल्या बर्फाने भरलेल्या दऱ्या त्याला आरपार गेलेल्या सामुद्रधुन्या वाटल्या. त्यांना नावंही देऊन झाली. जॉन रायमिलच्या १९३४–३७च्या मोहिमेने कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन जमिनीवरून पाहणी केली, तेव्हा भूभाग सलग निघाला. विल्किन्सचं ‘क्रेन चॅनल’ आज ‘क्रेन हिमनदी’ आहे.

प्रकल्पात प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आधी लिहावेत, नाव नंतर. एकाच खाडीला चार देशांची चार नावं असू शकतात. ती ‘स्कार’ या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीच्या एकत्रित नामसूचीत शेजारी-शेजारी मिळतात. नुसत्या नावावर विसंबलं की हमखास फसगत होते. अमेरिकेचं पामर स्टेशन पामर लँडमध्ये नाहीच; ते बरंच उत्तरेला, अँव्हर्स बेटावर आहे : ६४.७७ दक्षिण, ६४.०५ पश्चिम. संगणकावर हे आकडे टाकताना दोन्हींच्या आधी उणे चिन्ह हवं. फक्त पहिलं विसरलात तर कॅनडाच्या बॅफिन बेटाजवळ पोचाल, दोन्ही विसरलात तर रशियात, उरल पर्वतापाशी.