विरळ वस्तीच्या कचऱ्याचं नियोजन: पुढे काय शिकू?

प्रश्न: मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दूरच्या, विरळ वस्तीच्या भागात कचरा आणि पुनर्वापराच्या सोयी आखण्याचं काम करावं असं फार मनात आहे. एम.टेक. ‘कचऱ्यापासून ऊर्जा’ या विषयात करू, की प्रादेशिक नियोजनात? बाबा म्हणतात, कचऱ्यात कसलं आलंय करिअर, सरळ बांधकामात जा.

उत्तर: प्रादेशिक नियोजन घे. ऊर्जेचा विषय मोठ्या शहरांसाठी ठीक आहे, पण तुला जिथे काम करायचंय तिथे त्याचा उपयोग फार थोडा. कचरा जाळून वीज करणाऱ्या मोठ्या प्रकल्पाला रोज, खंड न पडता शेकडो टन कचरा लागतो, आणि त्यात ओला कचरा जास्त असला तर तो धड पेटतही नाही. विरळ भागात एवढा कचरा आणायचा कुठून? तिथे छोटी भट्टी बसवली, तर तापमान कमी पडतं, धुरातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं निघतात, आणि एखादा भाग मोडला की तो येईपर्यंत सगळं ठप्प.

या कामाचा गाभा एका हिशेबातून दाखवतो. समज, विखुरलेल्या वस्त्यांमध्ये मिळून ३,००० माणसं राहतात आणि माणशी रोज ४०० ग्रॅम कचरा निघतो. म्हणजे दिवसाला १,२०० किलो. त्यात प्लॅस्टिकच्या बाटल्या २ टक्के धरू, म्हणजे २४ किलो. दूरच्या कारखान्यापर्यंत भाडं परवडावं म्हणून १० टनांची गाडी भरून पाठवायची, तर ती भरायला साधारण ४१६ दिवस लागतील. चौदा महिने हा माल ठेवणार कुठे? उन्हात प्लॅस्टिक ठिसूळ होतं, पुठ्ठा भिजला की त्याला कुणी विचारत नाही. आणि बाटल्या दाबून गठ्ठे बांधले नाहीत, तर १० टन राहू देत, गाडी वजनाने भरण्याआधी आकारमानानेच भरून जाते. म्हणून अशा भागात गठ्ठे बांधायचं मशीन आणि पक्क्या छपराची शेड यांचा विचार रिसायकलिंगच्या कारखान्याआधी करावा लागतो. शहराचा आराखडा लहान करून इथे चालत नाही तो याचमुळे.

नियोजनकाराला मग प्रत्येक मालाबद्दल ठरवावं लागतं: हा इथेच जिरवायचा, थांबवून ठेवायचा, की आधी बाहेर काढायचा? ओला कचरा दूर नेणं म्हणजे पाण्याला भाडं भरणं, त्यामुळे त्याचं कंपोस्ट शक्य तितकं वस्तीतच व्हावं. थंड प्रदेशात ती प्रक्रिया मंदावते, तिथे झाकलेले, ऊब धरणारे डबे लागतात. काच जड आणि स्वस्त. ती भरडून स्थानिक कामात भराव म्हणून वापरता आली तर उत्तम. गाड्यांच्या वापरलेल्या बॅटऱ्या मात्र आधी हलवायच्या. त्यातलं शिसं आणि आम्ल जमिनीत मुरायला नको, शिवाय शिशाला भाव असतो.

बाहेर काढायचं म्हटलं की वाहतूक आली. अलास्कात रस्त्याने न जोडलेली अनेक गावं आहेत. तिथे माल घेऊन आलेली विमानं आणि बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नौका) परत जाताना रिकामी असतात, म्हणून त्यांतून बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक कचरा बाहेर पाठवण्याची व्यवस्था उभी राहिली. तू ज्या भागाचा अभ्यास करशील तिथे पहिली चौकशी हीच कर: आत भरून येणारी आणि रिकामी परतणारी वाहनं कोणती, आणि वर्षातले किती महिने?

जपानमधलं कामिकात्सु मुद्दाम अभ्यास. डोंगरातलं जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव. २००३ साली त्यांनी शून्य कचऱ्याचा संकल्प जाहीर केला. घरोघरी गाडी फिरत नाही. लोक स्वतः केंद्रावर कचरा आणून चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात, ओला कचरा घरीच कंपोस्ट होतो. केंद्रातल्या खणांवर तो माल पुढे कुठे जातो, त्यावर खर्च किती होतो किंवा त्यातून मिळतं किती, हे लिहिलेलं असतं. ही पाटी मला त्या सगळ्या प्रकारांहून मोलाची वाटते, कारण आपण धुऊन आणलेल्या बाटलीचं पुढे काय होतं हे माणसाला कळतं. सुमारे ८० टक्के कचरा ते पुनर्वापरात नेतात. तरी २०२० पर्यंत शून्यावर येण्याचं उद्दिष्ट गाठता आलं नाही. डायपरसारख्या वस्तू उरल्याच. उरलेल्यासाठी नीट अस्तर घातलेली, कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी अडवणारी जागा प्रत्येक आराखड्यात लागतेच, आणि तिथे तुझं सिव्हिल थेट कामी येतं.

बाबांची काळजी अगदी रास्त आहे. बांधकामाइतक्या जागा या क्षेत्रात निघत नाहीत, आणि जाहिरातीत ‘विरळ भागाचा कचरा नियोजक’ असं पदही दिसणार नाही. घनकचरा व्यवस्थापन, पायाभूत सुविधा नियोजन, लॉजिस्टिक्स अशा नावांखाली शोध: स्थानिक प्रशासन, सल्लागार कंपन्या, खाणींच्या वसाहती, बेटं, संशोधन तळ. अंटार्क्टिकात तर १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलनुसार (तिथल्या पर्यावरण-रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) बॅटऱ्या आणि इंधनाची पिंपं बाहेर नेणं बंधनकारक आहे, म्हणजे तेही कुणाला तरी आखावं लागतं. बांधकामाची वाट तुला बंदही होत नाही. पदवी तीच राहते. बाबांना हे सगळं वाचून दाखव.

अभ्यासक्रम निवडताना जीआयएस (संगणकावर नकाशांसह माहिती मांडण्याचं तंत्र), वाहतूक नियोजन आणि प्रकल्प-खर्चाचे विषय आहेत का ते बघ. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प याच विषयावर घे. एका छोट्या वस्तीचा आठ दिवसांचा कचरा गोळा कर, ढीग नीट मिसळून त्याचे चार भाग कर, समोरासमोरचे दोन भाग ठेव, आणि नमुना हाताळण्याजोगा होईपर्यंत हेच पुन्हा कर. मग प्रत्येक प्रकार वेगळा करून वजन घे. हातमोजे आणि मास्क घालायचेच. तो तक्ता आणि वर दिला तसा गाडी भरायच्या दिवसांचा हिशेब प्रवेश-अर्जासोबत जोड. वजनं पावसात घेतली असतील तर तशी नोंद तक्त्यातच कर; भिजलेला कागद आकडा फुगवतो.