अडुळसा उकळण्याआधी

सातारा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू घाईत होतीस, म्हणून आज सवडीने लिहायला बसले. तू आरोग्याचं काम बघतेस त्या वाडीवरची ती पाचव्या महिन्यातली गरोदर सून आठ दिवस खोकतेय, सासूबाईंनी चुलीवर अडुळशाचा काढा ठेवलाय, आणि तू विचारलंस, "सिस्टर, घरचंच आहे, घेऊ दे ना?"

नको, घेऊ देऊ नकोस. पण सासूबाईंना "तुमचं औषध खोटं" असंही म्हणू नकोस. ते खोटं नाहीच. त्यांनी चार पोरं त्या काढ्यावर वाढवलीत. अडुळशाच्या पानात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं, ते कफ सोडवतं. मेडिकलमध्ये कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन मिळतं ना, ते या व्हॅसिसीनवरूनच तयार केलेलं आहे. अडचण अशी, की हेच द्रव्य गर्भाशयाला आकुंचनही आणतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते दिसलंय. पानात गुण आहे म्हणूनच पोटुशीला ते द्यायचं नाही. सासूबाईंना हे असंच सांग, "आजी, तुमच्या पानात ताकद आहे, ती आत्ता हिच्या पोटाला नको." म्हातारी माणसं अपमान झाला की ऐकत नाहीत, मान दिला की लगेच ऐकतात.

ज्येष्ठमधाचंही तसंच. कांडी चघळायला गोड लागते, पण फार खाल्लं तर रक्तदाब चढतो आणि अंगातलं पोटॅशियम उतरतं. फिनलंडमधल्या बायका ज्येष्ठमधाच्या गोळ्या भरपूर खातात. तिथल्या अभ्यासात जास्त खाणाऱ्यांची बाळंतपणं दिवसांआधी झालेली दिसली. तेव्हा नऊ महिने कांडी नको.

मग द्यायचं काय? साताऱ्यात आल्याला काय तोटा! बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून कोमट पाण्यात, वर चमचाभर मध. मध लहान बाळाला वर्षाच्या आत देत नाहीत, पण आईला चालतो. फक्त तिला साखरेचा त्रास असेल तर नको. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, स्वयंपाकात घालतो तेवढी हळद घालून रात्री दूध, आणि दिवसभर घोट घोट कोमट पाणी. वाफ घेताना पातेलं मांडीवर ठेवू देऊ नकोस, भाजलेल्या मांड्या मी पाहिल्यात. आणि तिला चुलीपासून उठव. ओल्या लाकडाचा धूर नाकातोंडात जात असेल तर कुठलंच औषध लागू पडणार नाही. आठवडाभर भाकरी दुसऱ्या कुणी थापली तर घर काही बुडत नाही.

तिला एक भीती नक्की असेल, ती विचारणार नाही, तूच काढ. खोकल्याने बाळाला हिसके बसतील का? नाही बसत. बाळ पाण्याच्या पिशवीत आहे. खोकला आला की उशी पोटाशी धरायची, म्हणजे स्नायू दुखत नाहीत. खोकताना लघवीचे थेंब गेले तरी लाजू नको म्हणावं, पुष्कळ जणींचं होतं.

बाटलीबद्दल थोडक्यात सांगते. दुकानातून आणलेलं मिश्र औषध डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. कुठल्या बाटलीत गुंगी आणणारं कोडीन असतं, कुठल्या अल्कोहोल, कुठल्या रक्तवाहिन्या आवळणारं फेनिलेफ्रिन. तापाला तुझ्या पेटीतली पॅरासिटामॉल ५०० ची गोळी चालते, पण तीही गरजेपुरतीच, दोन गोळ्यांमध्ये सहा तास ठेवून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड या दुखण्यावरच्या गोळ्यांना हात लावायचा नाही. साधा सर्दीचा खोकला विषाणूचा असतो, त्यावर अँटिबायोटिक काम करत नाही. मात्र एखादीला दमा असेल आणि ती "बाळासाठी" म्हणून पंप बंद करत असेल, तर तिला रागव. पंप चालू ठेवायचा. आईला श्वास कमी पडला तर बाळालाही कमी पडतो.

आता जे मी विसरत नाही ते सांगते. मी नवीन होते, कोरेगाव तालुक्यात. सातव्या महिन्यातली एक बाई, कोरडा खोकला. मी तीनदा घरी गेले, दर वेळी उंबऱ्यावर बसून विचारलं, "कफ पडतो का? ताप आहे का?" चौथ्या वेळी पाणी प्यायला आत गेले. आतल्या खोलीत ज्वारीचं पोतं भिंतीला उभं लावलेलं, त्यावर गोधडी आणि पोत्याला डोकं टेकल्याचा खळगा. मालक म्हणाला, "पंधरा दिवस ती अशीच बसून झोपती. आडवी पडली की खोकला." लहानपणी तिला सांधे सुजून ताप आलेला होता. हृदयाची झडप तेव्हाच आखडलेली, कुणाला कळलं नव्हतं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं, अरुंद झडपेतून ते पुढे सरकेना, आणि पाणी फुप्फुसात साठायला लागलं. तिचा खोकला छातीचा नव्हता, हृदयाचा होता. वेळेवर मोठ्या दवाखान्यात पोचली, वाचली. पण माझे तीन फेरे उंबऱ्यावरच संपले होते.

म्हणून आत जा. ती रात्री किती उशा घेते, आडवी पडली की काय होतं, लहानपणी सांधे धरले होते का, हे विचार. जेवून लगेच पडल्यावर घशाशी आंबट येऊन खोकला येत असेल तर ते पित्त. लवकर जेवण आणि उशाशी उंचवटा एवढं पुरतं. दोन आठवड्यांच्या वर खोकला, वजन वाढत नाही, संध्याकाळी कणकण, असं असेल तर थुंकी तपासायला पाठव. क्षयाची नेहमीची औषधं गरोदरपणात देता येतात आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. फक्त गरोदर आहे हे आधी सांगायचं, कारण स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनाने बाळाचे कान जाऊ शकतात. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे सांगितला तर घाबरायचं नाही, पोटापर्यंत नगण्य किरण पोचतात.

उद्या जाशील तेव्हा घड्याळ ने. ती शांत बसलेली असताना पुरं एक मिनिट श्वास मोज. २४ च्या वर गेला, बोटावरचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र ९५ च्या खाली दाखवायला लागलं, थुंकीत रक्त किंवा गुलाबी फेस दिसला, छातीत दुखलं किंवा बोलता बोलता दम लागला, तर दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची सरकारी तपासणी असते तिची वाट बघायची नाही, लगेच १०८ ला फोन कर. ताप १००.४ च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. आणि ती रात्री कशी झोपते, ते बघून मला संध्याकाळी फोन कर.

तुझी,
सिस्टर