यामाहा आरएक्स 100 ची रेस सिग्नलला आपोआप चढते, कार्बोरेटर दोनदा साफ केला, आता काय बघू?

तुमचं म्हणणं असं: गाडी 1994 ची. सकाळी चोकवर एका किकमध्ये चालू होते. नाशिकरोडहून द्वारकेपर्यंत येऊन तापली, की सिग्नलला रेस आपोआप चढते, मग कधी एकदम पडते आणि गाडी बंद. गॅरेजवाला दर वेळी आयडलचा (उभ्या गाडीत रेस न देता इंजिन किती फिरावं ते ठरवणारा) स्क्रू फिरवून देतो, दोन दिवस बरं जातं.

तो स्क्रू आता कुणालाही फिरवू देऊ नका. माझ्या 1992 च्या गाडीचं हेच झालं होतं, पुढे सांगतो.

आधी फुकटात होणारं बघून घ्या. गाडी चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवा. रेस बदलली तर एक्सिलरेटरची केबल ताणलेली आहे, विषय संपला. नाही बदलली तर रेस चढलेली असतानाच चोक किंचित लावा. रेस खाली येऊन एकसारखी झाली, तर इंजिनला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय. उलट भकभक करून बंद पडली, तर पेट्रोलच जास्त जातंय. मग चोकचा प्लंजर नीट बसतो का, फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) लेव्हल आणि एअर फिल्टर बघा.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला पेट्रोल कमी, हवा जास्त हाच प्रकार वाटतो. त्यात दोन संशयित. एक, पायलट जेट, म्हणजे आयडलला पेट्रोल देणारा कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा भाग. 'साफ केला' म्हणजे बहुतेकदा नुसती हवा मारलेली असते. जेट काढून उजेडाकडे धरा. पलीकडे स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर कचरा आहे. टाचणी घालू नका, भोक मोठं होतं. वायरमधली तांब्याची एक बारीक तार पुरते. एअर स्क्रू अर्धा-पाऊण फेरा फिरवूनही रेसवर काहीच फरक पडत नसेल, तर दोष जेटचाच धरा. (या कार्बोरेटरला तो स्क्रू हवेचा आहे, आत फिरवला की पेट्रोल वाढतं. फोर-स्ट्रोकवर शिकलेली पोरं इथे बरोब्बर उलटं करतात.)

दुसरा संशयित म्हणजे बाहेरची हवा, आणि माझा कौल त्यालाच. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतून, वर जातं. त्यामुळे मॅनिफोल्डचं (कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीचं) रबर, त्यामागच्या रीड व्हॉल्व्हचं (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या झडपेचं) गॅस्केट किंवा क्रँकचं ऑइल सील, यातलं काहीही फुटलं की तिथून हवा शिरते. फुल रेसला कार्बोरेटरचं तोंडच उघडं असतं, त्यात ही चोरटी हवा कळत नाही. आयडलला तोंड जवळजवळ बंद, तेव्हा सुईएवढं भोकही खेळ बिघडवतं.

इंजिन गार असताना कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढा. मॅनिफोल्डच्या तोंडाला आणि एक्झॉस्टला सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून घट्ट आवळा. प्लग जागेवर राहू द्या. एका तुकड्यात व्हॉल्व्ह ठेवून हातपंपाने पाच-सहा पीएसआय हवा भरा. जास्त नको, चांगलं सीलही बाहेर येईल. डावीकडचं मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकावरच्या, वीज तयार करणाऱ्या चाकाचं) कव्हर उघडा आणि सगळीकडे साबणाचं पाणी लावा. माझ्या गाडीला मॅग्नेटच्या मागून बारीक फेस येत होता, दुधाला उकळी फुटताना कडेला येतो तसा. सील दाबून पाहिलं तर प्लास्टिकसारखं कडक झालेलं.

पण हे मला उशिरा कळलं. तोवर दोन गॅरेजवाल्यांनी आयडलचा स्क्रूच मागे घेतला होता. सातपूरची दुसरी पाळी सुटल्यावर मी गाडी घेऊन भावाकडे कसाऱ्याला गेलो. सकाळी घाट चढून परत येताना इगतपुरीच्या अलीकडे मागचं चाक एकाएकी लॉक झालं. क्लच दाबला म्हणून वाचलो. जादा हवेने पिस्टन तापून जाम झाला होता. सील स्वस्तातलं, सिलिंडर बोअर करून 0.25 मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकायला मात्र महिन्याचं बजेट कोलमडलं. तुमचा प्लग काढून बघा, टोक पांढरट कोरडं दिसत असेल तर घाटात गाडी नेऊच नका.

सील बदलताना मॅग्नेट काढायला पुलरच (ओढून काढायचं हत्यार) वापरायला सांगा, हातोडीने ठोकू देऊ नका. धूर पांढरा येत असेल आणि गिअर ऑइलची पातळी उतरत असेल, तर क्लचकडचं सीलही गेलंय. तिथून हवा नाही, ऑइल ओढलं जातं.

सील बदलल्यावर गाडी पहिल्यांदा आयडलला उभीच राहणार नाही. घाबरू नका, गॅरेजवाल्याने मागे घेतलेला आयडलचा स्क्रू अजून तिथेच आहे. एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढा, दहा मिनिटं फिरवून गाडी तापवा आणि मगच आयडल लावा.