बॉर्डर कॉली मुलांना का अडवतो?

प्रश्न : आमच्या सोसायटीत एका कुटुंबाने बॉर्डर कॉली पाळला आहे. आवारात मुले धावू लागली की तो अंग चोरून खाली वाकतो, त्यांच्याकडे एकटक पाहतो आणि लांबून वळसा घालून त्यांना अडवतो. तो आक्रमक आहे का? ही जात मूळची कुठली?
— एक वाचक, मुलुंड, मुंबई

उत्तर : आपण वर्णिलेले वागणे मेंढ्या वळण्याचे आहे. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरील डोंगराळ कुरणांत ही जात घडली. आपल्याकडे धनगरांची कुत्री प्रामुख्याने लांडग्यांपासून कळपाची राखण करतात. ब्रिटनमधून मात्र लांडगे काही शतकांपूर्वीच नाहीसे झाले होते आणि मेंढ्या डोंगरभर पांगून चरत असत, त्यामुळे तेथील मेंढपाळाला गरज होती ती शिट्टीच्या इशाऱ्यावर दूर जाऊन, चावा न घेता कळप गोळा करून आणणाऱ्या कुत्र्याची. दबा धरणे, नजर रोखणे, पाठलाग करणे हे शिकारीचे टप्पे पिढ्यानपिढ्यांच्या निवडीने ठळक होत गेले आणि चावून ठार मारण्याचा टप्पा मागे पडला.

आजच्या बॉर्डर कॉलींची वंशावळ ओल्ड हेम्प या कुत्र्यापर्यंत जाते. अ‍ॅडम टेलफर या कुत्र्यांच्या पैदासकारांनी इंग्लंडच्या उत्तर टोकाच्या नॉर्थम्बरलंडमध्ये रॉय हा शांत स्वभावाचा नर आणि मेग ही बुजरी, पण विलक्षण तीव्र नजरेची मादी यांची जोडी जुळवली आणि १८९३ मध्ये हेम्प जन्मला. त्याआधीचे मेंढपाळी कुत्रे बरेचदा भुंकून, दांडगाईने कळप हाकत; हेम्प गाजला तो आवाज न करता, केवळ नजरेच्या दाबाने मेंढ्या हलवण्याबद्दल, आणि पुढच्या पैदाशीला तोच नमुना ठरला. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटीनेही कामालाच महत्त्व दिले. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवून त्यांच्या रूपाचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबची मान्यता १९७६ मधली, आणि माझ्या मते रूपाला इतक्या उशिरा महत्त्व आले हे या जातीचे भाग्यच.

तरीही धावणाऱ्या मुलाच्या टाचेला तो चिमटा काढू शकतो, म्हणून मुले खेळत असताना त्याला पट्ट्याला बांधून ठेवावे. मुंबईच्या दमट उकाड्यात, सदनिकेत हा कुत्रा पाळणे मला फारसे रुचत नाही. पाळलाच असेल तर पहाटेची मोकळी धाव आणि वास घेऊन वस्तू शोधण्यासारखे काम रोज द्यावे लागते. तो अडवू लागल्यास मुलांनी पळू नये, जागीच उभे राहावे.