संथ गाण्याला किक लावण्याआधी शब्द कुठे पडतात ते बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षं गिटारवर संथ गाणी गायलीत, नाशिकमध्ये बसून ऐकणारा श्रोता मिळवलात आणि आता नाचता येईल असं काही करायचंय. अरेंजर (संगीत संयोजक) म्हणतोय, जुन्या दोन गाण्यांचे व्होकल, म्हणजे नुसता गायलेला आवाज द्या, खाली किक (नाचाच्या गाण्यातला जाड, सरळ ठोका) आणि नाशिक ढोल टाकून देतो. द्यावेत का?

एका गाण्याचे द्या, दुसऱ्याचे देऊ नका.

पहिलं गाणं 62 च्या टेम्पोला (मिनिटाला 62 ठोके), आठ मात्रांच्या केरव्याच्या अंगानं आहे. त्यावर 124 ची किक लावली की जुन्या एका ठोक्यात नवे दोन बरोबर बसतात. आवाज ताणावा लागत नाही, गायकी जशीच्या तशी राहते. ‘एव्हरीथिंग बट द गर्ल’ या ब्रिटिश जोडीचं 1994 मधलं ‘मिसिंग’ हे शांत गाणं डीजे टॉड टेरीच्या 1995 च्या रिमिक्समुळे जगभर वाजलं. तो जरूर ऐका. गायिका ट्रेसी थॉर्न त्यात कुठेही जोर लावत नाही. हालचाल सगळी खालच्या ठेक्यात आहे. तुमच्या हळुवार आवाजालाही ओरडायची गरज नाही.

दुसरं गाणं दादऱ्यात आहे, अडचण तिथे आहे. सहा मात्रांच्या चालीखाली चार ठोक्यांची सरळ किक लावली तर सम (तालाची पहिली मात्रा) प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी येते आणि नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. सॉफ्टवेअरनं आवाज पाच-सहा टक्क्यांपर्यंत ताणला तर चालतो, पण ताल असा बदलत नाही. शब्द नव्यानं मांडून पुन्हा गावं लागतं. नमुन्याला एक साधी ओळ घेऊ. दादऱ्यात ती अशी पडते:

पा ऊ स ये ता – / गो दा – का ठी –

आठ मात्रांत नेताना पहिला अर्धा भाग सहज जमतो: पा – ऊ स ये – ता –. दुसऱ्यात बहुतेकांची चूक होते. गो – दा – का – ठी – असं केलं की चारही अक्षरं नेमकी किकवर आदळतात आणि शाळेतल्या कवायतीसारखं वाटतं. त्याऐवजी – गो – दा का – ठी – असं गाऊन बघा. ‘गो’ आणि ‘दा’ दोन किकच्या मधल्या जागेत आले, ‘का’ आणि ‘ठी’ किकवर उतरले. चाल तीच, पण आता ती ढकलते. किक हेडफोनमध्ये ठेवून, टाळी देत ओळ वीसेक वेळा म्हणा, मगच रेकॉर्ड करा. 124 ला आठ मात्रांचं हे आवर्तन 1.94 सेकंदांत संपतं. श्वासाला जागा उरत नाही, म्हणून अंतऱ्याच्या चार ओळींपैकी दोनच ठेवा. कुठल्या ठेवायच्या ते तुम्हीच ठरवा, अरेंजरवर सोडू नका.

पट्टी. तुम्ही हार्मोनियमच्या काळी चारमध्ये गाता ते बेसच्या, म्हणजे खालच्या जाड सुरांच्या दृष्टीनं उत्तम आहे, कारण तिथे बेसचा षड्ज (सा) साधारण 52 हर्ट्झवर येतो आणि छातीत जाणवतो. ‘जोश यावा’ म्हणून वाढवायचीच असेल तर काळी पाचपर्यंत जा, तिथे 58 मिळतात. पांढरी एकवर गेलात तर बेस एकतर 33 ला जातो, जो बऱ्याच स्पीकरांतून येतच नाही, नाहीतर 65 ला, जिथे त्याचं वजन कमी होतं.

किक आणि बेस एकत्र वाजले की चिखल होतो. बेसवर किकची साइडचेन (एका आवाजानं दुसरा दाबायची सोय) लावायला सांगा: किक पडली की बेस 4 ते 6 डेसिबल दबला पाहिजे आणि अर्ध्या ठोक्याच्या आत, म्हणजे 242 मिलिसेकंदांपूर्वी, परत वर आला पाहिजे. उशिरा आला तर गाणं धापा टाकल्यासारखं वाटतं.

आता ढोल. नाशिक ढोल हे आपलं सोनं आहे, म्हणूनच तो गाणंभर वाजवू नका. ढोलाचा घुमारा आणि किक एकाच जागेसाठी भांडतात. किक चालू असेल तिथे ढोलाचा 120 हर्ट्झच्या खालचा भाग कापा, टिपरूचा कडकडाट राहू द्या. गाण्यात मधे आठ आवर्तनं किक थांबवा आणि तिथे मात्र ढोल पूर्ण उघडा सोडा. तिथे अंगावर काटा येतो. ताशा फक्त दोन ओळींच्या मधे. शब्दांवर आला तर व्यंजनं खातो. वादकांच्या कानात क्लिक (लय धरून ठेवणारी टिकटिक) द्यायलाच हवा. रंगात आले की लय चढते, मिरवणुकीत तेच हवं असतं, ट्रॅकमध्ये मात्र चौथ्या आवर्तनाला सगळं सुटतं.

आवाजावरचा तीन सेकंदांचा रिव्हर्ब (हॉलसारखा घुमारा) काढा, एक सेकंद पुरे. भरीव वाटण्यासाठी पाऊण ठोक्याचा, म्हणजे 363 मिलिसेकंदांचा डिले (प्रतिध्वनी) हळू आवाजात ठेवा. मुखड्याला डावी-उजवीकडे वेगळे गायलेले दोन टेक, मूळ आवाजापेक्षा 10 डेसिबल खाली. ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) कडक लावू नका. अमेरिकी गायिका शेरच्या 1998 च्या ‘बिलीव्ह’मध्ये तो तुटक सूर मुद्दाम आहे आणि चाल सरळ असल्यानं शोभतो. तुमच्या मींडेच्या, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाण्याच्या, त्यानं पायऱ्या होतील.

मिक्स हाती आलं की मोनो करून, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, मोबाइलवर ऐका. बऱ्याच हॉलमध्ये आवाज मोनोच असतो. मुखडा पातळ झाला तर ते दोन टेक एकमेकांना खातायत. एक पुन्हा गा.

श्रोते तुटतील ही भीती रास्त आहे. नाशिकच्या पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला जमणाऱ्या रसिकाला 124 ची किक नकोच आहे, त्याच्यासाठी मूळ गिटारचं रूप ठेवा आणि दोन्ही रूपं एकाच दिवशी प्रसिद्ध करा. कार्यक्रमात संथ गाणी आधी घ्या. उघड्यावर रात्री 10 नंतर स्पीकर बंद करावे लागतात, तेव्हा नाचाची गाणी सव्वानऊला सुरू झाली पाहिजेत.