१२३४५६७८९८७६५४३२१ ही मूळ संख्या आहे का? की आकडे चढून उतरतात हा नुसता योगायोग?

मूळ संख्या नाही. ती पूर्ण वर्ग आहे: १११११११११ × १११११११११, म्हणजे नऊ वेळा लिहिलेल्या १ चा वर्ग. आणि योगायोग तर मुळीच नाही.

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि हा गुणाकार कागदावर उभा मांडा. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक येतील, फक्त दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उजवीकडून बेरीज करत या. पहिल्या घरात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं करत नवव्या घरात नऊ, आणि तिथून पुन्हा एकेक कमी. कुठल्याच घराची बेरीज नऊच्या वर जात नाही, त्यामुळे हातचा येतच नाही. सगळी गंमत त्या न आलेल्या हातच्यात आहे! मी मुलांकडून हे फळ्यावर करून घेतो तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, "सर, दहा एक घेतले तर?" घेऊन बघा. मधल्या घरात १० होतात, त्याचा हातचा शेजारच्या ९ वर, त्याचा पुन्हा पुढच्या ८ वर, आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डोंगराचा माथाच ढासळला.

अवयव पाडले तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग मिळतो. एकूण विभाजक ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते. आणि भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातली स्थानांची नावं लावलीत तर सर्वांत डावीकडचा १ 'मध्य' या स्थानावर बसतो, परार्धाच्या एकच घर अलीकडे.

मला ही संख्या जवळची वाटते ती कापरेकरांमुळे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी (१९०५–१९८६) अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं. डेम्लो हे तेव्हाच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरचं स्टेशन, म्हणजे आजची आपली डोंबिवली. कल्पना सुचली त्या स्टेशनाचं नाव त्यांनी संख्यांना देऊन टाकलं.

त्यांच्याच नावाच्या कापरेकर संख्यांशीही हिचं नातं आहे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५; अशा संख्या म्हणजे कापरेकर संख्या. आता आपल्या संख्येतल्या आकड्यांची बेरीज करा: ८१. त्या ८१ नेच तिला गुणा. येतात ९९९९९९९९८००००००००१, म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग. तो मधोमध तोडून दोन्ही तुकडे मिळवा: ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९.